सरपणवालीची करवत

१

दुपारची जेवणं उरकली की बाबा दुकानातून मधल्या दारावर पाना आपटतात. त्याचा अर्थ, "सूनबाई, कान घेऊन ये."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते चेनसॉ दुरुस्त करतात, झाडं कापायच्या यंत्रांच्या करवती. त्यातही जुन्या, स्वस्तातल्या, ज्यांच्या अंगावरचं नाव उन्हाने केव्हाच पुसून नेलंय अशा. कुणी नवी भारी करवत आणलीच तर बाबा तिच्याशी पाहुण्यांशी वागावं तसं वागतात, जपून आणि जरा कोरडं. जुन्यांवर मात्र त्यांचा जीव. तडकलेलं प्लॅस्टिक तारेने शिवलेलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, अशी एखादी टेबलावर आली की तिच्यावरून हात फिरवत म्हणतात, "बघ, किती जणांनी हिला मरू दिलं नाही."

फक्त त्यांना ऐकू येत नाही. जन्मभर या यंत्रांच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! आणि करवत शेवटी कानानेच लावावी लागते. यंत्र पूर्ण रेस करायचं आणि एक बारीक स्क्रू फिरवत पेट्रोल कमी-जास्त करत जायचं. पेट्रोल कमी पडलं की आवाज खणखणीत चढतो. नवख्याला वाटतं, वा, काय जोर आहे. पण आत यंत्र जळत असतं. जास्त झालं की ते गुळण्या करत बसतं. या दोन्हींच्या मध्ये एक जागा येते, आवाज चढलेला पण घशात किंचित खरखर, तिथे थांबायचं. बाबा स्क्रू फिरवतात, मी मधल्या दारात उभी राहून ऐकते, आणि ती जागा आली की बोट वर करते. बोट वर झालं की बाबांचा हात थांबतो.

हे बोटाचं काम आधी माझ्या नवऱ्याचं होतं. एका सकाळी त्याने सरपणवालीच्या करवतीचा कार्ब्युरेटर उघडला, सुटे भाग स्टीलच्या वाटीत काढले, आणि छातीत कळ आली म्हणून खाली बसला. तो दवाखान्यातून परत आला नाही. ठकी तेव्हा माझ्या पोटात होती.

ती करवत आणि ती वाटी अजून टेबलाच्या त्याच टोकाला आहे. बाबा तिथलं झाडूनसुद्धा घेत नाहीत. आणि पदार्थविज्ञान शिकलेली मी, एका बोटाच्या नोकरीवर लागले. लग्नात आईने विचारलं होतं, सासरी शिक्षणाचा काही उपयोग होईल ना गं? आई, हो. ध्वनी हा धडा पूर्ण कामी आला.

करवत चालू असताना ठकी आतल्या खोलीत, कठड्याच्या पलंगात असते. मधल्या दाराला काच आहे. मी तिथे अशी उभी राहते की एका डोळ्याने बाबा दिसावेत आणि एका डोळ्याने ती. काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तिच्या कानांवर मी टोपी ओढायचे, टोपीवर फडकं बांधायचे. एवढ्या कर्कश आवाजात झोपते, गुणाची आहे, असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि मी मनातल्या मनात दृष्ट काढायचे.

मग एकदा माझ्या हातून खिळ्यांचा डबा पडला. फरशीवर, पत्र्याचा, पूर्ण भरलेला. मी स्वतः दचकले. बाबा पाठमोरे कानस घासत होते, ते घासतच राहिले. आणि ठकी माझ्याकडे पाठ करून फडक्याच्या बाहुलीचा पाय चोखत होती, ती चोखतच राहिली.

२

कान तपासायच्या खोलीच्या भिंतींना स्पंज होता. तिथे माझा स्वतःचा श्वास मला परक्या बाईचा वाटत होता. ठकी मांडीवर. काचेपलीकडे बसलेल्या बाई बटणं दाबत होत्या आणि कोपऱ्यातल्या डब्यांतून आवाज येत होते. आधी पाखरांसारखे, मग ढोलासारखे, मग असे की माझे दात शिवशिवले. मी ठकीच्या मानेकडे बघत होते. आता वळेल, आता वळेल. ती माझ्या ओढणीच्या टोकाचे गोंडे मोजत होती, बोटांनी, फार मन लावून.

"दोन्ही कान," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "बहुतेक जन्मापासूनच. यंत्र लावून बघू या. पण ताई, फार आशा धरू नका."

"म्हणजे माझा आवाज..." मी म्हटलं.

बाई वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत राहिल्या. फार भल्या होत्या.

घरी येऊन बाबांना सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागणार. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी दुकानाच्या मधोमध उभी राहून छाती फुटेस्तोवर ओरडले, "ती बहिरी आहे, बाबा!" गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

बाबांनी घाईने तोंडावर बोट ठेवलं. "हळू. ठकी उठेल ना."

मग त्यांच्या हातातला पाना खाली ठेवायला त्यांना जागाच सापडेना.

३

त्यानंतरची गोष्ट. दुकानात एकही यंत्र चालू नव्हतं. बाबा पाठ टेकायला आत गेले होते आणि मी तेल-पेट्रोलचं मिश्रण करत होते. ठकीला पलंगातून काढून दारापाशी सतरंजीवर ठेवली होती. तिने बाहुली टाकली आणि मान वळवली.

मान वळवणं म्हणजे काय, हे ज्याच्या मुलाने कधी मान वळवली नाही त्यालाच कळेल. ती सहज इकडेतिकडे बघत नव्हती. कुणी नाव घेतल्यावर आपण बघतो तसं तिने चटकन बघितलं, टेबलाच्या त्या टोकाकडे. भुवया थोड्या वर गेल्या. ती थांबली, पुन्हा थांबली, आणि तिने उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

मी हसलेच. नक्कल! रोज काचेतून आईला बघते, आईसारखं करते. बहिरी मुलं डोळ्यांनी शिकतात, असं मी वाचलंही होतं. मी तिचा पापा घेतला. तिने मला बाजूला सारलं, मी मध्ये येत होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

मग माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. फरशीतून कंपनं येत असतील. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिची असतील. गिरणी बंद असायच्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन बसले. तिने मान वळवली. चमकणारी वाटी दिसते म्हणून बघत असेल. मी वाटीवर कापड टाकलं. तिने मान वळवली. मग ठकी झोपलेली असताना मी ती करवत उचलून लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार लावलं. उठल्यावर तिने टेबलाकडे बघितलंही नाही. ती रांगत कपाटाशी गेली, दाराला कपाळ टेकवलं, आणि तशीच बसून राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखत होते. करवत लागत येते तेव्हा माझं तोंड तसं होत असणार.

तिचं बोट वर गेलं. मग तिने मान हलवली आणि बोट खाली घेतलं. अजून नाही.

हे "अजून नाही" मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मी चुकतमाकत शिकलेली बाई, मी एकदा बोट वर केलं की संपलं. बोट वर करून पुन्हा खाली घ्यायची, "थांब, किंचित मागे" म्हणायची सवय या घरात एकाचीच होती.

मी करवत कपाटातून काढून पाहिली. थंड होती. कार्ब्युरेटरच्या जागी नुसतं भोक. पेट्रोलची टाकी कोरडीठक्क, आत कोळ्याचं जाळं. मला वेड लागत असेल तर ते लागू दे, पण इतक्या व्यवस्थितपणे लागू नये, असं वाटलं.

४

बाबांना मी कागदावर लिहून दाखवणार होते; पण असली गोष्ट लिहिली की फारच खोटी दिसते. म्हणून त्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. ठकी, टेबल, वळलेली मान, बोट.

बाबा उकिडवे बसले. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, लाड करतायत. पण ते हाताने काही लागतंय का ते बघत होते, यंत्रावर हात ठेवून बघतात तसं.

"काय ऐकते ही?" मी ओरडून विचारलं.

"मला काय विचारतेस? माझ्या कानांचे पडदे त्या कार्ब्युरेटरमधल्या वाळलेल्या रबरी पडद्यासारखे झालेत, नुसतं कातडं." ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यात सुटलं. "पण ऐकते. तू बघितलंस ना? ऐकते पोर."

"बाबा, बंद करवत आहे ती."

"असेना."

"मला भीती वाटते."

"कशाची? आपल्या माणसाची?"

त्याचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. मी म्हटलं, "सरपणवालीला निरोप पाठवते. तिची करवत तिला देऊन टाका." बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांचं हे एक बरं असतं.

मी कदाचित पुढे काही बोलले नसते. खरं सांगायचं तर दुपार झाली की मीच ठकीला त्या सतरंजीवर नेऊन ठेवायला लागले होते. तिची मान वळलेली बघायला. तेवढ्यापुरतं मला एक ऐकणारं मूल होतं. मी मागून टाळ्या वाजवायचे, हाका मारायचे, म्हणायचे की आता ऐकतेच आहेस तर मलाही ऐक. तेवढं मात्र होत नव्हतं.

मग ती उभी राहिली.

मी भाताचा गॅस बंद करायला आत गेले, तेवढाच वेळ. परत आले तर सतरंजी रिकामी. ठकी टेबलाशी उभी होती, जन्मात पहिल्यांदा, डुलत. टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या करवतीच्या पट्टीला तिने दोन्ही मुठींनी धरलं होतं, पट्टीभोवतीच्या दातेरी चेनसकट. पहिल्यांदा उभं राहिलेलं मूल बघून आईने जे करायचं असतं त्यातलं मी काहीच केलं नाही. माझ्या तोंडातून आवाजही आला नाही, आणि आला असता तरी.

मी हळूच तिच्या मागे गेले. तिची बोटं एकेक करून सोडवताना मी ते बघितलं. चेनचा एक दात तिच्या अंगठ्याच्या नखापाशी होता, तो सावकाश नखाच्या पलीकडे गेला. त्याच्या मागून दुसरा आला.

तिने ओढली असेल. मूल ओढतंच. चेन सैल असेल.

नंतर मी चेन ओढून पाहिली. इतके दिवस तेलाशिवाय पडून ती पट्टीवर गंजून बसली होती. माझ्या दोन्ही हातांनी ती हलली नाही.

ठकीच्या तळव्यांवर ओरखडासुद्धा नव्हता. ती हसत होती.

५

मी निरोप पाठवायच्या आतच, दुसऱ्या सकाळी, सरपणवाली बाई टेम्पो घेऊन हजर. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची. तिचं बोलणं बाबांनासुद्धा थोडंफार ऐकू जातं.

"मिस्त्री, म्हातारी होईन की हो मी! लोक म्हणतात फेकून दे, नवी घे. म्हटलं, नवरा बदलायचा नाही तर करवत कशाला बदलू? दोघं सारखेच कुरकुरतात." मग तिची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी मागायला आले नसते, वहिनी. पण आम्ही इथलं सोडतोय. भावाच्या गावाला चाललोय, लांब आहे. आज संध्याकाळी निघायचं."

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"सूनबाई, राहू दे ती इथे. हिला दुसरी देतो, या करवतीहून चांगली." मग माझ्या अगदी जवळ येऊन, त्यांना वाटत होतं की कुजबुजत, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दुसरं काहीच ऐकू येत नाही गं तिला."

"ती चेनला हात लावते, बाबा! आज कोरडी आहे. उद्या?"

"उंच ठेवू."

"ती उभी राहायला लागलीय. परवा चढेल."

 मग त्यांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं आणि वाटीवरचं कापड काढलं.

दुपारपर्यंत ते त्या टेबलाशी होते. कडक झालेला पडदा बदलला, सुईएवढी भोकं तारेने साफ केली, चेनला तेल पाजलं. मी इतकं नाजूक काम करताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी टाकी भरली, दोरी ओढली, पुन्हा ओढली. करवत खोकली आणि पेटली. बाबांनी पाना दारावर आपटला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी दारात उभी राहिले. ठकी काचेपलीकडे पलंगाच्या कठड्याला धरून उभी. बाबांनी रेस दिली आणि स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. धूर निळसर, गोडसर, उघड्या शटरकडे चालला होता. टेबलाच्या टोकाशी आल्यावर तो दुभंगत होता, काहीतरी टाळून दोन्ही बाजूंनी जात होता, आणि पुढे परत एक होत होता. मधे नुसती जागा होती. वाकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या रुंदीची.

मी बाबांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या बोटावर नव्हतीच. माझ्या खांद्यावरून ते काचेकडे बघत होते. ठकीचं बोट वर गेलं. खाली आलं. किंचित थांबून पुन्हा वर गेलं, आणि मग वरच राहिलं.

आवाज चढलेला होता, आणि घशात अगदी किंचित खरखर. मी कधी इतका बरोबर लावलेला ऐकला नव्हता. म्हणजे, तो गेल्यापासून.

बाबांनी करवत बंद केली. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात उलटा होता, मूठ खाली, टोक वर.

"मी फिरवलाच नाही," ते म्हणाले.

६

सरपणवालीने करवत पोत्यात गुंडाळली, टेम्पोत ठेवली, वर दोरी बांधली. बाबा बाहेर आले नाहीत. ती म्हणाली, "पोरीला जपा, वहिनी," आणि टेम्पो सुरू केला. मला हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी घरात येऊन चहाचं आधणसुद्धा ठेवलं.

ठकी सतरंजीवर बसली होती, शटरकडे तोंड करून. टेम्पो आता गल्लीच्या तोंडाशी असेल, मी मनात म्हटलं. तिची मान हळूहळू डावीकडे वळत होती. शटरवरून भिंतीवर. भिंतीवरून कपाटावर. टेम्पो गिरणीच्या रस्त्याला लागला असेल. कपाटावरून खिडकीच्या चौकटीवर, तिथून कोपऱ्यात. टेम्पोचा आवाज मला केव्हाच येईनासा झाला होता. ती बसल्या बसल्या अख्खी वळली, भिंतीपलीकडचं काही नजरेने धरून ठेवल्यासारखी, आणि तिचे ओठ ताणले गेले. स्टेशनवर कुणाला पोचवून परत फिरणारी माणसं बघितलीत? त्यांच्यासारखे.

तेव्हा मला कळलं. ऐकणं काय असतं ते कळलं, आणि मी काय देऊन टाकलं तेही.

मी तिला उचललं आणि अनवाणी पळत सुटले. मागून बाबांची हाक आली, काय झालं गं, काय झालं. गल्लीच्या तोंडाशी ठकीचं तोंड डावीकडे होतं, मी डावीकडे पळाले. गिरणीपाशी तिने मान उजवीकडे टाकली, मी उजवीकडे वळले. पत्र्याचे गाळे, सायकलवाला, रांगेत उभ्या बायका. कुणी म्हटलं, अहो ताई, पोर सांभाळा! मी तिच्या मानेकडे बघून धावत होते, नाही तर मला रस्ता कुठे माहीत होता. "ऐक, ठके," मी म्हणत होते, "अजून ऐक, सोडू नकोस." तिने बोट वर केलं नव्हतं. दोन्ही मुठी घट्ट होत्या.

मोठ्या चौकात गाड्यांचा एवढा गोंगाट होता की माझेच शब्द मला ऐकू येईनात. मी मधल्या दुभाजकावर चढले. "कुठे?" मी विचारलं. "कुठे, बाळा?"

मी तिला समोर धरलं आणि एका रस्त्याकडे तोंड करून थांबले. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, तिला वेळ मिळावा म्हणून.

मी फिरेन तशी तिची मान माझ्याबरोबर फिरत राहिली, कुठल्याच रस्त्याशी न अडता.